फुटली की फोडली?

आमच्या आजीकडे लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या होत्या. खाली पांढऱ्या, वर तपकिरी, आणि तोंडाला स्वच्छ फडकं बांधलेलं. मी आठ-नऊ वर्षांची असताना त्यातली एक माझ्या हातून गेली. लिंबाचं लोणचं फरशीभर पसरलं. मी रडवेली होऊन ओसरीवर गेले आणि म्हणाले, "आजी, बरणी फुटली."

आजी तांदूळ निवडत होती. मान वर न करता तिने विचारलं, "फुटली की फोडलीस?"

"हातातून सटकली."

"सटकली की नीट धरली नव्हतीस?"

मग ती उठली, काचेसारखे तुकडे पायात जातील म्हणून मला बाजूला उभं केलं, आणि स्वतः सगळं भरलं. ओरडली अजिबात नाही. पण तिचा तो प्रश्न माझ्या डोक्यात बसला तो बसलाच. आणि गंमत बघा, मी पुढे धंदा असा निवडला की ज्यात दिवसातून दहा वेळा "बरणी फुटली" एवढंच म्हणायचं असतं, आणि "फोडली का?" असं कुणी विचारत नाही.

मी बातम्या वाचते. वीस वर्षं उलटून गेली. माझ्या पिढीने प्रदीप भिडेंचा आवाज ऐकत जेवणं केली, आणि त्या आवाजात एखादी गोष्ट सांगितली गेली की ती खरीच असणार असं आमच्या घरात सगळ्यांना वाटायचं. मलाही तेच हवं होतं. शब्द स्पष्ट, चेहरा शांत, नजर समोर. ते सगळं मी शिकले. पण आपण जे वाक्य इतक्या शांतपणे वाचतो आहोत ते वाक्य कुणाच्या बाजूचं आहे, हे कुणी शिकवलं नाही. तेच आज लिहायचं आहे. बरेच दिवस मनात होतं, पण गेल्या महिन्यात घरच्याच एका प्रसंगाने हात धरून लिहायला बसवलं.

प्रसंग असा. मावशीची पंचाहत्तरी होती. हॉल घेतला होता, सगळे जमले होते, जिलेबी-मठ्ठा झाला, आणि मग नेहमीप्रमाणे खुर्च्या गोल करून गप्पा सुरू झाल्या. विषय फिरत फिरत लोकलच्या गर्दीवर आला. आमचे एक काका (नाव लिहीत नाही, ते हे वाचतीलच) मला म्हणाले, "तू एवढी टीव्हीवर असतेस, जरा लोकांना सांग ना, दारात लटकू नका म्हणून. माणसं आपल्याच चुकीने मरतात आणि मग सरकारच्या नावाने बोंब मारतात."

गोलात तिसऱ्या खुर्चीवर माझा मावसभाऊ बसला होता. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली कृत्रिम आहे. फुल पँट असली की कळत नाही, आणि काकांच्या डोक्यातून ते गेलंही असेल. क्षणभर कुणीच काही बोललं नाही. मग मावसभाऊच हसला आणि "मठ्ठा संपला का रे?" म्हणत उठून गेला. त्याच्या चालण्यातली ती किंचित लचक तेवढी सगळ्यांना दिसली.

काका, तुम्ही मुद्दाम बोलला नाहीत हे मला माहीत आहे. पण तुम्ही जे बोललात ते तुम्हाला कुणी शिकवलं? मी शिकवलं. माझ्यासारख्यांनी रोज रात्री नऊ वाजता तुमच्या घरात येऊन शिकवलं. म्हणून हे तुमच्यावर नाही, माझ्यावर आहे.

तो पडला त्या संध्याकाळी मी कामावर होते. २००८ साल. बुलेटिन माझ्याकडे होतं. एक माणूस लोकलमधून पडून जखमी झाला, ही बुलेटिनमध्ये घेण्याजोगी बातमी नसते. तेव्हाही नव्हती आणि आजही नाही. ती खालच्या पट्टीत जाते. माझ्या चेहऱ्याखालून ती पट्टी सरकत होती : "तोल जाऊन लोकलमधून पडल्याने तरुण गंभीर जखमी". मला ती दिसत नव्हती, वाचणाऱ्याला पट्टी दिसत नाही. बुलेटिन संपवून मी मेकअप पुसत होते तेव्हा मावशीचा फोन आला. पुढे कितीतरी महिन्यांनी ती एकदा सहज म्हणाली, "तुझ्या खाली लिहून येत होतं गं त्याचं. तू वर हसून बोलत होतीस, बहुतेक क्रिकेटचं काहीतरी होतं."

ती तक्रार करत नव्हती. म्हणूनच जास्त लागलं.

आणि मावसभाऊ काय म्हणाला माहितीये? हॉस्पिटलात शुद्धीवर आल्यावर दोन दिवसांनी तो म्हणाला, "ताई, 'तोल जाऊन' कुणी लिहिलं? माझा तोल गेला नव्हता. मी दारात नव्हतोच, आत होतो. पुढच्या स्टेशनला उतरणारे मागून रेटायला लागले आणि मी सरकत सरकत दारात आलो. हाताला धरायला काही नव्हतं. तोल जायला आधी नीट उभं राहायला मिळायला लागतं."

ह्या एका वाक्यावर माझी सगळी पत्रकारिता ओवाळून टाकावी असं वाटतं.

आता जरा ह्या दोन शब्दांकडे बघू. "तोल जाऊन". कुणी पाहिलं होतं? कुणीच नाही. चौकशी झाली होती? नाही. तासाभरापूर्वीची घटना, फोनवर आलेली दोन ओळींची माहिती, आणि आम्ही कारण देऊन मोकळे. आणि कारणही असं, की त्यात त्या माणसाशिवाय दुसरं कुणीही नाही. गर्दी नाही, वेळापत्रक नाही, उघडी दारं नाहीत, डब्यात माणसं किती मावतात आणि किती भरली जातात हा हिशेब नाही. एक तरुण, त्याचा एक तोल, आणि तो गेला. मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसं मरतात, रूळ ओलांडताना आणि गाडीतून पडून मिळून. म्हणजे दिवसाला पाच-सहा. ह्यातले जे पडून मरतात त्या सगळ्यांचे तोल गेले म्हणायचे? एका शहरातल्या माणसांच्या कानात एवढा काय दोष आहे की रोज कुणा ना कुणाचा तोल जातो?

कायदा ह्या बाबतीत आमच्यापेक्षा शहाणा आहे, हे मला मावसभावाच्या अर्जामुळे कळलं. १९८९ च्या रेल्वे कायद्यात कलम १२४-अ आहे. गाडीतून चुकून पडलेल्या प्रवाशाला भरपाई मिळते, आणि त्यासाठी कुणाची चूक होती हे सिद्ध करावं लागत नाही. अपवाद आहेत : आत्महत्या, स्वतःला मुद्दाम केलेली इजा, गुन्हेगारी कृत्य, नशा, आजारपण. त्या यादीत "दारात उभा होता" हे नाही. तरी त्याच्या अर्जाला पहिलं उत्तर आलं ते हेच, की दारात उभं राहणं हा स्वतःचा निष्काळजीपणा. वर्षानुवर्षं असेच वाद होत राहिले, आणि शेवटी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रीना देवी खटल्यात साफ सांगितलं की नुसता निष्काळजीपणा म्हणजे स्वतःला करून घेतलेली इजा नव्हे, आणि त्या कारणाने भरपाई नाकारता येणार नाही. म्हणजे कायदा म्हणतो, आधी त्या माणसाचा दोष शोधू नका. आणि आम्ही बातमीचा पहिला शब्दच त्याचा दोष ठेवतो.

तोल हे एक झालं. आमच्याकडे अशा शब्दांचं अख्खं दुकान आहे. माल बघा :

पूल कोसळला. होर्डिंग पडलं. आग लागली. भिंत खचली. काळाने घाला घातला. मृत्यूने गाठलं. शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज. सुदैवाने मोठी हानी टळली. जनजीवन पूर्वपदावर.

मराठीत हे फार सोपं आहे. आपल्याकडे जोड्याच आहेत. पडणे-पाडणे, तुटणे-तोडणे, जळणे-जाळणे, फुटणे-फोडणे, मरणे-मारणे. पहिल्या खणात गोष्टी आपोआप होतात, दुसऱ्या खणात कुणीतरी करतं. बातम्या कायम पहिल्या खणातूनच निघतात. आजीचा प्रश्न नेमका ह्या दोन खणांच्या मधल्या फळीवर बोट ठेवत होता.

उदाहरणं देते, कारण उदाहरणं दिली नाहीत तर काका म्हणतील ही शब्दांचा कीस काढत बसली आहे.

२९ सप्टेंबर २०१७. दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळची साडेदहाची वेळ, अचानक पाऊस, एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी, २३ माणसं गेली. आम्ही काय वाचलं? पाऊस. अफवा. "फूल गिर गया" असं कुणी ओरडलं आणि लोकांना "पूल गिर गया" ऐकू आलं, ही गोष्ट तर इतकी चघळली गेली की जणू २३ माणसांना एका अक्षराने मारलं. पण तो पूल अरुंद आहे, गिरण्यांच्या जागी कार्यालयं उभी राहिल्यावर तिथली गर्दी कित्येक पटींनी वाढली आहे, हे रोज तिथून जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. लोकप्रतिनिधींची पत्रं त्याआधीच गेली होती. आणि पुढे काय झालं? लष्कराला बोलावलं आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये नवा पूल खुला झाला. पाच महिन्यांच्या आत! म्हणजे जे होणार नाही, वेळ लागतो, पैसा नाही, असं वर्षानुवर्षं ऐकवलं जात होतं, ते पाच महिन्यांत होत होतं. फक्त २३ माणसांची आगाऊ रक्कम भरावी लागली.

१४ मार्च २०१९. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा पादचारी पूल, संध्याकाळी घरी जायच्या वेळी. सहा जण त्या रात्रीच गेले. आदल्या वर्षी अंधेरीच्या गोखले पुलाचा भाग पडल्यावर पुलांच्या तपासण्यांचा गाजावाजा झाला होता. ह्या पुलाचंही ऑडिट झालेलं होतं, आणि किरकोळ दुरुस्ती सुचवून तो वापरायला ठीक आहे असं त्यात म्हटलं होतं. ऑडिट करणाऱ्याला पुढे अटक झाली. पण त्या रात्री सगळ्यात जास्त वेळ चाललेली बातमी कुठली, आठवतंय? लाल सिग्नल होता म्हणून खाली गाड्या थांबलेल्या होत्या आणि कितीतरी जीव वाचले. "सुदैवाने" हा शब्द मी स्वतः त्या रात्री पुन्हा पुन्हा उच्चारला. सुदैव! ज्या शहरात पूल पडताना खाली सिग्नल लाल असणं हे सुरक्षेचं साधन आहे, तिथे सुदैवालाच पगारावर ठेवायला हवं.

१३ मे २०२४, घाटकोपर. पेट्रोल पंपावर होर्डिंग पडलं, १७ जण गेले. "वादळी वाऱ्याने घेतला बळी". वारा! परवानगी देता येते ती ४० बाय ४० फुटांची. ते होतं १२० बाय १२०. लांबी-रुंदी तिप्पट म्हणजे क्षेत्रफळ नऊपट, हे पाचवीतलं पोर सांगेल. एवढं मोठं धूड पूर्व द्रुतगती महामार्गाच्या कडेला उभं होतं. ते लपवलेलं नव्हतं हो, जाहिरातीच होत्या त्यावर! लाखो लोकांनी पाहावं म्हणूनच ते उभं केलं होतं. ते ज्यांचं मोजायचं काम होतं त्यांनाच तेवढं दिसलं नाही.

आणि २०२१. ह्याबद्दल लिहिताना अजूनही हात थांबतो. ९ जानेवारीच्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. ती बातमी वाचताना माझा आवाज चिरकला होता, पुष्कळांनी नंतर कौतुकाचे मेसेज पाठवले की किती मनापासून वाचलं. पण पुढचं वाक्य काय होतं? सगळ्या रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेची तपासणी करण्याचे आदेश. एप्रिलमध्ये विरारच्या रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग. पुन्हा चौकशी, पुन्हा तपासणीचे आदेश. ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयात आग, अकरा रुग्ण. पुन्हा तेच वाक्य. एका वर्षात ते वाक्य मला पाठ झालं. नोव्हेंबरमध्ये माझा आवाज चिरकला नाही. मला स्वतःची लाज वाटली ती तेव्हा.

त्या वर्षापासून मी एक वही ठेवते. साधी शाळकरी दोनशे पानी. डाव्या पानावर "प्राथमिक अंदाज" लिहायचा : तारीख, ठिकाण, काय सांगितलं गेलं. उजव्या पानावर शेवटी काय निष्पन्न झालं ते. डावी पानं भरत जातात. उजवी बहुतेक कोरी. प्राथमिक अंदाज हा आपल्याकडे पहिला आणि शेवटचा असतो.

आता काका म्हणतील, बरं, पण माणसाने स्वतःची काळजी घ्यायला नको का? घ्यायला हवी. शंभर टक्के. मी स्कूटरवर हेल्मेट घालते, गॅसची नळी वेळेत बदलते, आणि ४ सप्टेंबर २०२२ ला चारोटीजवळ सायरस मिस्त्री आणि त्यांच्याबरोबरचे मागच्या सीटवरचे सहप्रवासी गेले, त्या दिवसापासून मागे बसले तरी पट्टा लावते. तो पट्टा लावायला हवाच होता, आणि ते आम्ही बजावून सांगितलं हे बरंच केलं. पण त्याच ठिकाणी तीन पदरी रस्ता सूर्या नदीच्या पुलावर येऊन दोन पदरी होतो, हे आम्ही किती वेळा सांगितलं? पट्ट्यावर आठवडाभर कार्यक्रम केले. रस्त्यावर एक रात्र.

कारण "काय काळजी घ्याल?" हा आमचा लाडका कार्यक्रम आहे. हिरव्या खुणांची पाच वाक्यं. धोकादायक इमारतीजवळ उभे राहू नका. वादळात होर्डिंगखाली थांबू नका. गर्दीच्या गाडीत चढू नका. (मग ऑफिसला कसं जायचं? त्याला सहावी खूण नसते.) ह्यात कुणी दुखावत नाही, कुणाचा फोन येत नाही, आणि पाहणाऱ्यालाही बरं वाटतं की आपण ही पाच वाक्यं पाळू, म्हणजे आपण वाचू. जो मेला त्याने पाळली नसणार. बस्स! सगळा जिव्हाळा इथे संपतो. दुसऱ्याच्या मरणात त्याची चूक सापडली की आपल्याला झोप चांगली लागते. काका, त्या दिवशी तुम्ही जे बोललात ते ह्या झोपेतलं बोलणं होतं.

ह्याच झोपेचं दुसरं नाव "मुंबईचं स्पिरिट". २६ जुलै २००५ चा पूर, २००६ चे लोकलमधले बॉम्बस्फोट, प्रत्येक वेळी गाड्या पुन्हा भरलेल्या दिसल्या की आम्ही कॅमेरा लावायचो. मी स्वतः त्यावर काय काय म्हटलं आहे ते आठवत नाही ते बरं. माणसं दुसऱ्या दिवशी कामावर जातात कारण गेली नाहीत तर पगार कापतात. ह्याला शौर्य म्हटलं की कुणाला काही सुधारावं लागत नाही.

हे सगळं मी कार्यालयात बोलले नाही असं नाही. बोलले. उत्तर ठरलेलं : "मॅडम, 'पाडला' कसं म्हणणार? कोर्टात सिद्ध झालंय का? उद्या नोटीस आली तर?" मुद्दा अगदी चुकीचा नाही. कुणाला चौकशीआधी खुनी ठरवू नये, हे मीही मानते. चौकशीआधी माणसाला फासावर लटकवणारी पत्रकारिताही मी पाहिली आहे, आणि ती ह्याहून घाण आहे.

पण मग "तोल गेला" हे तरी सिद्ध झालं होतं का? "वाऱ्याने पाडलं" हे कुठल्या कोर्टाने सांगितलं? पुरावा मागायचा तर दोघांकडे मागा. मेलेला माणूस नोटीस पाठवत नाही, वारा अब्रूनुकसानीचा दावा लावत नाही, म्हणून त्यांच्यावर काहीही ढकलायचं, ह्याला सावधपणा म्हणत नाहीत. ह्याला भित्रेपणा म्हणतात.

९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन गाड्या एकमेकींना ओलांडताना दारातली माणसं एकमेकांवर आदळून खाली पडली. चार जण त्याच दिवशी गेले. लगेच चर्चा सुरू झाली ती कुणाच्या तरी पाठीवरच्या सॅकची. सॅक! पुढे नोव्हेंबरमध्ये रेल्वे पोलिसांनी दोन अभियंत्यांवर निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवला, रुळांची देखभाल हा विषय आला. त्यांचा दोष ठरायचा तो न्यायालयात ठरेल, मी ठरवणार नाही. पण बघा, सॅकवर आरोप ठेवायला आम्हाला पाच मिनिटं लागली होती, आणि रुळांचं नाव निघायला पाच महिने.

मग म्हणायचं काय? "पडला" म्हटलं तर खोटं, "पाडला" म्हटलं तर जास्त. ह्यावर मी बरेच दिवस विचार करत होते, आणि उत्तर आपल्या भाषेतच पडलेलं होतं. पडला आणि पाडला ह्यांच्या मधे मराठीत आणखी एक रूप आहे.

पडू दिला.

पूल पडू दिला. होर्डिंग उभं राहू दिलं. आग लागू दिली. माणसं मरू दिली. ह्यात कुणाला खुनी म्हटलेलं नाही. ह्यात फक्त एवढंच म्हटलंय की ते थांबवणं कुणाचं तरी काम होतं. आणि असं वाक्य उच्चारलं की पुढचा प्रश्न आपोआप तोंडात येतो : कुणी? "कोसळला" म्हटल्यावर तो प्रश्न येत नाही. आजी तरी काय म्हणत होती? तिला ठाऊक होतं मी मुद्दाम फोडली नव्हती. नीट धरली नव्हती एवढंच तिला माझ्याकडून वदवून घ्यायचं होतं.

आणि आता माझं स्वतःचं, कारण दुसऱ्याला दोन्ही खण उघडून दाखवायचे आणि आपला बंद ठेवायचा हे बरं नाही. हे लिहायला बसण्याआधी मी आमच्या इमारतीच्या जिन्यात गेले. आम्ही चौदाव्या मजल्यावर. लाल पेटी उघडली. आत पाण्याची गुंडाळलेली नळी असायला हवी. तिथे दोन झाडू आणि कुणाचे तरी जुने चपलांचे जोड. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे. त्यानुसार इमारतीची अग्निशमन यंत्रणा चालू आहे असं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावं लागतं. ब नमुना म्हणतात त्याला. चेअरमनसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "नळी गेली हो चोरीला, दोन-तीन वर्षं झाली." मी म्हटलं, गेली की जाऊ दिली? ते हसले. मग माझ्या लक्षात आलं, गेली नऊ वर्षं मी त्याच जिन्यापुढच्या लिफ्टने वर-खाली करते आहे. एकदाही पेटी उघडली नव्हती. मी जाऊ दिली.

पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर तो विषय घालायला लेखी पत्र दिलं आहे. पोच घेतली आहे. वहीत नोंद केली आहे, डाव्या पानावर. उजवं पान मी कोरं राहू देणार नाही.

घरच्यांना आणि इथे येणाऱ्या मित्रमंडळींना एवढंच सांगणं. मला "किती छान वाचतेस" असं सांगू नका. त्यापेक्षा मी ज्या दिवशी "दुर्दैवी" म्हणेन, त्या दिवशी फोन करून विचारा, "दैव की कुणी माणूस?" मी "प्राथमिक अंदाज" म्हणेन, तर दोन महिन्यांनी विचारा, "अंतिम काय झालं गं?" आणि आपापल्या जिन्यातली लाल पेटी आज उघडून बघा. ह्या आज्ञा नाहीत, पण आजी असती तर तिने ह्याहून कमी शब्दांत हेच सांगितलं असतं.

गेल्या आठवड्यात अशीच एक पट्टीतली बातमी आली. लोकल, गर्दीची वेळ, एक मुलगी. मजकूर तयार होता : "तोल जाऊन". मी डेस्कवर गेले आणि त्या पोराला म्हटलं, दोन शब्द काढ. तो म्हणाला, मग काय लिहू? मी म्हटलं, "गर्दीने भरलेल्या लोकलमधून पडून" लिही, तेवढंच आपल्याला माहीत आहे. त्याने लिहिलं. पट्टी गेली. जगात काहीच बदललं नाही.

रात्री मावसभावाचा मेसेज आला. तो नऊच्या बातम्या बघतो, पट्टीसकट. त्याने एवढंच लिहिलं होतं : "ताई, वाचलं."